तिसऱ्या बैठकीवरचा आवाज

मार्चमधल्या त्या सोमवारी हिरण्मयी सैकिया नेहमीसारखी पहाटे साडेचारला उठली. गजर लावण्याची तिला गरज पडत नसे. तोंड धुऊन तिने केस बांधले, गळ्याभोवती गामोसा, लाल काठाचा पंचा, गुंडाळला, दोन पेन्सिलींना टोक काढले आणि होकायंत्राची काच गामोशाच्या टोकाने पुसली. मग पाटीवर कोरा तक्ता अडकवून वरच्या कोपऱ्यात तारीख आणि हवामान लिहिले: वारा नाही, धुके कंबरेपर्यंत. एवढे उरकायला तिला अठरा मिनिटे लागत. एकोणीस वर्षांत त्यात फार तर एखाद्या मिनिटाचा फरक पडला असेल.

स्वयंपाकघरात जगन उरांगने चूल पेटवली होती. चहाच्या बागेत वाढलेला हा अठ्ठावन्न वर्षांचा वाटाड्या तिच्याही आधीपासून या जंगलात होता. काळ्या चहात मीठ घालून पिण्याची सवय तिला त्यानेच लावली होती. आज मात्र चुलीवर आधी दुधाचे भांडे चढले होते.

"सरु बायदेऊंचा होऊ दे आधी," तो म्हणाला. "त्यांना लांब जायचंय. तुमचं काय, बर बायदेऊ, दोन मिनिटांचं काम."

बायदेऊ म्हणजे ताई. अठरा वर्षे या घरात एकच बायदेऊ होती. गेल्या वर्षी तिच्या हाताखाली वानरांच्या अभ्यासाला मृगाक्षी फुकन आली आणि जगनने, कोणी न सांगता, तिला सरु म्हणजे धाकटी आणि हिच्या नावामागे बर म्हणजे थोरली लावून टाकले. मानाचाच शब्द होता तो. पण इतकी वर्षे ज्या शब्दाला कशाची जोड लागली नव्हती त्याला ती लागली, आणि दर वेळी ती हिरण्मयीला चपलेत अडकलेल्या खड्यासारखी टोचे.

"जगनदा, बायदेऊंना आधी द्या की!" बुटाच्या नाड्या बांधता बांधता मृगाक्षी ओसरीवरून ओरडली. "मी चालता चालता पिईन."

"चालता चालता प्यायलात तर अर्धा चहा जंगलालाच पाजाल तुम्ही."

सगळे हसले. हिरण्मयीही हसली. मृगाक्षीवर रागावणे अवघड होते, आणि तिच्याविषयी सर्वांत असह्य गोष्ट हीच होती.

पाच वाजता तिघे तीन वाटांनी निघाले. नाहरबारीच्या जंगलाला रेल्वेच्या रुळांनी मधोमध चिरले आहे. एका बाजूला मोठा तुकडा, दुसऱ्या बाजूला लहान. होलौ हे लांब हातांचे, बिनशेपटीचे वानर जमिनीवर पाय टेकत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ते रूळ म्हणजे समुद्र. लहान तुकड्यात आता एकच होलौ उरली होती. भुऱ्या केसांची, पांढऱ्या भुवयांची मादी, रूपही. होलौ जन्मभर जोडीने राहतात आणि सकाळी जोडीने गातात. रूपहीचा जोडीदार माणिक चार वर्षांपूर्वी विजेच्या तारेला चिकटून मेला, त्या दिवसापासून ती गायलीच नव्हती. रुळांपलीकडे मोठ्या तुकड्यात एक तरुण नर वर्षभर एकटा फिरत होता. रोज सकाळी तो कडेच्या शेवटच्या झाडावर येऊन अलीकडे पाहत बसे आणि हाक घाली.

मृगाक्षी दर रविवारी वर्तमानपत्रात सामान्य वाचकांसाठी प्राण्यांविषयी लिहीत असे. रूपही आणि त्या नरावर तिने लिहिले आणि ते वाचून लोक हळहळले. बागेतल्या बायका आणि तीन शाळांमधली मुले रुळांवरून टाकायच्या झुलत्या पुलासाठी दोर वळू लागली. हिरण्मयीने पाठवलेल्या तीन पत्रांना वनखात्याच्या ज्या कचेरीतून उत्तर आले नव्हते, तिथले साहेब स्वतः गाडी घेऊन आले आणि मृगाक्षीशी तासभर बोलले. अकरा वर्षांपूर्वी हिरण्मयीने काढलेला पुलाचा आराखडा तिच्या पत्र्याच्या पेटीत होता. उंची तीच, झाडेही तीच. त्या लेखात एक वाक्य होते: ‘रूपही मुकी झालेली नाही, कोणासाठी गावं, याचा ती अजून विचार करते आहे, असं मला एका जुन्या कार्यकर्तीनं सांगितलं.’ ते वाक्य हिरण्मयी एका दुपारी वाटाणे सोलताना बोलली होती. नाव देऊ का, असे मृगाक्षीने विचारले होते, आणि हिरण्मयीने नको म्हटले होते. तरीही रविवारचा तो कागद हातात धरून तिने ‘जुन्या’ हा एकच शब्द कितीदा वाचला, ते तिचे तिलाच माहीत.

पुलाला मंजुरी मिळायला एकच अट होती. लहान तुकड्यात दुसरा नर नाही, हे सलग पाच सकाळी ऐकून सिद्ध करायचे होते. तिथे जोडी असेल तर पूल टाकणे म्हणजे परक्याला घरात घुसवणे. नर एकमेकांना फाडून काढतात. मोजणीची रीत जुनी होती. तीन ठिकाणी तीन माणसे बसतात, आवाज आला की होकायंत्राने दिशा घेतात, वेळ लिहितात. तक्ते जमा होईपर्यंत कोणी कोणाशी बोलायचे नाही. मग नकाशावर तीन रेघा ओढायच्या. त्या जिथे मिळतात तिथे प्राणी. पहिली बैठक रेल्वेच्या फाटकाजवळ, तिथे मृगाक्षी. दुसरी चहाच्या बागेच्या बांधावर, तिथे जगन. तिसरी लहान तुकड्याच्या पोटात, जुन्या होलोंग वृक्षाच्या मुळांत. ती हिरण्मयीची होती. मुळाचा तो खोलगट भाग तिच्या पाठीच्या आकाराचा झाला होता, असे जगन म्हणे.

सहा वाजून बावीस मिनिटांनी रूपही गायली.

हिरण्मयीच्या हातातली पेन्सिल थांबली. चार वर्षांनी तो आवाज डोक्यावरच्या फांद्यांतून आला, आधी खरखरीत, मग मोकळा, चढत गेलेला. तिच्या डोळ्यांत पाणी आले. पण पहिला भर ओसरल्यावर तिचे कान कामाला लागले आणि एक गोष्ट तिला खटकली. एकटी मादी सलग गाते. रूपही मध्येच थांबत होती. दोन सेकंद, कधी तीन, आणि मग नेमकी पुढच्या स्वरावर उचलत होती. पंगतीत पुढच्या माणसाने वाढून घ्यावे म्हणून कोणी हात आखडता घ्यावा, तशा त्या जागा ती सोडत होती. हिरण्मयीने लिहिले: एक प्राणी. मादी. मध्ये रिकाम्या जागा.

साडेनऊला ओसरीवर तक्ते जमा झाले. पोहे, दही, गूळ मध्ये ठेवलेले होते, पण मृगाक्षी खात नव्हती.

"बायदेऊ, तुम्ही एकच लिहिलंय."

"एकच होती."

"मी दोन लिहिलेत." तिने जगनकडे पाहिले. "जगनदांनीसुद्धा."

"नर होता," जगन दह्यात बोट फिरवत म्हणाला. "तिच्या बरोबरीनं गात होता. तुम्ही तर खालीच बसला होता, बर बायदेऊ. कानात कापूस घातला होता का?"

"पलीकडचा असेल. धुक्यात आवाज फिरतो."

"पलीकडचा माझ्या पाठीमागे होता," मृगाक्षी हळू म्हणाली. "तो तर गप्प बसून ऐकत होता."

हिरण्मयीने नकाशा पसरला. मादीच्या रेघा होलोंग वृक्षापाशी मिळाल्या. ते तिने पाहिलेच होते. मग तिने त्या दोघांनी घेतलेल्या नराच्या दिशा ओढल्या. त्या दोन रेघा बरोबर तिसऱ्या बैठकीच्या लहानशा लाल त्रिकोणात एकमेकींना छेदून गेल्या.

"म्हणजे तुमच्या मांडीवरच बसला होता की!" मृगाक्षी हसायला गेली, पण ते हसू अर्ध्यावरच विरले.

त्या दिवशी हिरण्मयीला भीती वाटली नाही. तिला जे वाटले त्याचे नाव तिने मनातल्या मनातही घेतले नाही. चार वर्षे ती रोज त्या झाडाखाली गप्प बसून राहिली होती, आणि जेव्हा आवाज आला तेव्हा तो फाटकाजवळच्या मुलीला पूर्ण ऐकू आला आणि तिला अर्धा.

मंगळवारी ती ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन गेली आणि खांद्यापासून दोन हातांवर, वेलीला टांगून ठेवले. रूपही आदल्या दिवसापेक्षा खालच्या फांदीवर आली. तीच गाणी, त्याच रिकाम्या जागा. हिरण्मयीने त्यांची लांबी घड्याळावर मोजली. त्या जागांत तिला पानांवरून ठिबकणारे दव ऐकू येत होते, लांबवरच्या मालगाडीची धडधड ऐकू येत होती. रूपही थांबली की तिच्याकडे बघे. गाणे संपल्यावर हिरण्मयीने त्या झाडाभोवतीची तीस पावलांची जागा वर-खाली पिंजून काढली. दुसरे कोणी नव्हते. परत येताना तिला घशात कोरड जाणवली, रात्रभर कोणाशी वाद घातल्यासारखी.

दुपारी मृगाक्षीने ते मुद्रण संगणकावर लावले. कर्ण्यातून रूपही गाऊ लागली. थांबली. त्या रिकाम्या जागेत जगनचे पान चघळणारे तोंड थांबले.

"हा माणिक आहे?" मृगाक्षीने विचारले.

"छे. माणिक वरून सुरू करायचा. हा दाबून गातोय." जगनने मान तिरकी केली. "ज्यानं खूप वर्षं तोंड उघडलेलं नाही, तसा."

हिरण्मयीला फक्त दवाचे थेंब ऐकू येत होते.

"चित्र दाखव," ती म्हणाली.

मृगाक्षीने आवाजाचे चित्र पडद्यावर आणले. रूपहीचे सूर राखाडी कमानींसारखे एकामागून एक उमटले होते. प्रत्येक दोन कमानींच्या मध्ये, जिथे हिरण्मयीने काहीच ऐकले नव्हते, तिथे दुसरी एक कमान होती. काळीभोर.

"जितकं गडद तितकं जवळ, नाही का, बायदेऊ?" मृगाक्षीने विचारले. हे तिला हिरण्मयीनेच शिकवले होते. "रूपही वीस-पंचवीस फुटांवर असेल. मग हा—"

"यंत्रात दोष असेल," हिरण्मयी म्हणाली.

जगनने पान थुंकण्यासाठी ओसरीखाली उतरण्याचे निमित्त केले आणि तो बराच वेळ परत आला नाही.

बुधवारी हिरण्मयीने एकोणीस वर्षांत कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. तिने बैठक सोडली. कोणाला न सांगता ती होलोंग वृक्षापासून दोनशेवीस पावले दक्षिणेला, ओढ्याकाठच्या बांबूच्या बेटात जाऊन बसली. बांबूत होलौला खायला काही नसते. रूपही तिकडे कधी फिरकत नसे. आवाज जर झाडाशी बांधलेला असेल तर तो झाडापाशीच राहील, असा तिचा विचार होता. प्रयोग साधा होता, आणि साध्या प्रयोगावर तिचा विश्वास होता.

सहा वाजून पंधरा मिनिटांनी तिला उत्तरेकडे फांद्या वाकल्याचा आवाज आला. मग जवळ. मग रूपही ओढ्यावर झुकलेल्या झाडावर आली, एका हाताने लटकून तिने खाली सगळीकडे शोधले, आणि बांबूच्या बेटाकडे तोंड करून गाऊ लागली.

दुपारी हिरण्मयीने एकटीने रेघा ओढल्या. मृगाक्षीची रेघ, जगनची रेघ. दोन्ही ओढ्याकाठी, बांबूच्या बेटाच्या खुणेवर मिळाल्या.

"बघा, जागा बदलली त्यानं," मागून मृगाक्षी म्हणाली. तिच्या आवाजात हार होती. "दोघं बरोबर फिरतायत, बायदेऊ. म्हणजे जोडीच आहे."

"हो," हिरण्मयी म्हणाली. "बरोबर फिरतायत."

आपण बैठक सोडली होती, हे ती त्याच क्षणी सांगू शकली असती. तिने नकाशाची गुंडाळी केली.

त्या संध्याकाळी ती ओसरीच्या पायरीवर बराच वेळ बसली. आरशात तिने आपला घसा पाहिला होता. तो लाल होता, एवढेच. आपल्याला झोपेत चालण्यासारखा, जागेपणी गाण्याचा काही विकार जडला असेल, असा विचार तिने नेटाने करून पाहिला. एवढा आवाज माणसाच्या घशातून निघत नाही. पाऊण कोसावर जगनला तो स्पष्ट ऐकू येतो. तो विचार तिने बाजूला ठेवला. त्याच्या जागी ठेवायला दुसरा काही सापडला नाही.

गुरुवारी तिने गामोसा चार पदरी करून तोंडावर घट्ट बांधला, वरून दोन्ही तळहात दाबले, आणि गाणे संपेपर्यंत नाकाने श्वास घेत बसून राहिली. दर रिकाम्या जागेत ती स्वतःच्या ओठांवर लक्ष ठेवून होती. ते हलले नाहीत. रूपही आता इतकी खाली होती की तिच्या पापण्या दिसत होत्या.

"आज कसा होता?" परत आल्यावर तिने जगनला विचारले. तक्ते जमा होण्याआधी असे विचारायचे नसते. जगनने तिच्याकडे चमकून पाहिले.

"आज एकदम मोकळा गायला," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता तो पुढे म्हणाला, "बर बायदेऊ, उद्या तुम्ही राहू द्या. बरं वाटत नाही म्हणा. मी बसतो तिसऱ्या बैठकीवर. बांधावर माझा भाचा बसेल."

"का?"

"सहज. तुमचा चेहरा उतरलाय."

"जगनदा, तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"मला काय वाटायचं?" त्याने टोपली उचलली. "माझी आई म्हणायची, जंगलात कोणी आपल्याकडे फार वेळ बघत असेल तर आपण तिथून उठावं. कोण बघतंय हे विचारत बसू नये."

दुपारी मृगाक्षी तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. रडून तिचे नाक लाल झाले होते.

"आत ये, माजोनी," हिरण्मयी म्हणाली. लाडाने मुलीला म्हणायचा तो शब्द; तो तिच्या तोंडून फार दिवसांनी निघाला.

"मुलांना काय सांगू? नऊशे हात दोर वळलाय त्यांनी." मृगाक्षी खाटेच्या कडेला बसली. "मोजणी खोटी लिहायची नाही, हे मला कळतं. मी लिहिणारही नाही. पण बायदेऊ, चार दिवस तुमच्या रकान्यात ‘नर ऐकला नाही’ आहे. सगळ्यांत जवळची बैठक तुमची. मी साहेबांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, जवळच्या बैठकीचं पाचही दिवस ‘नाही’ असेल तर मोजणी संशयास्पद धरू. पुढच्या हिवाळ्यात दुसरी माणसं येऊन पुन्हा मोजतील. म्हणजे आशा राहील."

"दुसरी माणसं."

"हो. आपल्यापैकी कोणी नाही." मृगाक्षीने घाईने तिचा हात धरला. "मी तुम्हाला काही लिहा म्हणत नाहीये हं. जे ऐकाल तेच लिहा. फक्त... तुम्हाला खरंच नाही ना ऐकू येत तो?"

"नाही."

"मग बरंय." ती डोळे पुसून हसली. "तुमचं खरं बोलणंच वाचवणार आहे तिला. आणि या वेळी मी तुमचं नाव देणार. नको म्हटलंत तरी देणार."

ती गेल्यावर हिरण्मयीने सगळे सरळ मांडून पाहिले, जसे ती आकडे मांडत असे. उद्या तिने खरे लिहिले तर मोजणी पुन्हा होईल. हिवाळ्यात तिसऱ्या बैठकीवर कोणी अनोळखी माणूस बसेल, आणि तिथे एकच आवाज असेल, किंवा तोही नसेल. पूल बांधला जाईल. पलीकडचा नर दोरावर हात टाकून, एका सकाळी, अलीकडे येईल. रूपहीला जोडीदार मिळेल, कदाचित पिल्लू होईल. मृगाक्षी त्यावर लिहील आणि लोक वाचून सुखावतील. लेखात यापुढे ‘जुनी कार्यकर्ती’ नसेल, हिरण्मयी सैकियाचे नाव असेल.

हे सर्व चांगले होते. तिने ते पुन्हा एकदा तपासले. त्यात कुठेही चूक नव्हती.

मग तिच्या ध्यानात आले की मृगाक्षीचा विचार करताना चपलेतला तो खडा आज टोचला नाही. नावाचा, दुधाच्या चहाचा, साहेबांच्या गाडीचा तिला आता हेवा वाटत नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर तो तरुण काळा नर होता, शेवटच्या झाडावर, रुळांकडे झुकलेला. त्याचे लांब हात. अलीकडे पाहणारे त्याचे डोळे. आणि त्याच्याविषयी तिच्या मनात जे आले, परक्याला घरात शिरू न देण्याचे, ते इतके उघडे आणि इतके जुने होते की ती खाटेवरून उठून उभी राहिली.

शुक्रवारी ती साडेचारला उठली. पेन्सिलींना टोक काढले, काच पुसली, तक्ता अडकवला. वारा नाही, धुके गुडघ्यापर्यंत. जगनने तिच्यासमोर आधी मिठाचा चहा ठेवला. तिने तो संपवला आणि म्हणाली, "येते."

होलोंगच्या मुळांत ती पाठ टेकून बसली. गामोसा तिने सोडून शेजारी घडी करून ठेवला.

सहा एकोणीस.

रूपही गायली. थांबली. त्या जागेत दवाचा एक थेंब पडला.

पुन्हा गायली. पुन्हा थांबली.

या वेळी हिरण्मयीने काही मोजले नाही. रिकामी जागा आली की ती फक्त वर पाहत राहिली, आणि रूपही खाली.

रुळांपलीकडून तरुण नराने हाक घातली. लांब, आशेने चढत गेलेली. ती हाक मात्र हिरण्मयीला स्वच्छ ऐकू आली.

रूपहीने मान वळवली नाही.

हिरण्मयीने पाटी मांडीवर घेतली. ‘नर’ या रकान्यात तिने स्वच्छ अक्षरात लिहिले: ऐकला. वेळ सहा एकोणीस. दिशेच्या चौकटीत तिने क्षणभर पेन्सिल टेकवून ठेवली, मग तिथे वर जाणारा एक लहान बाण काढला, झाडाच्या शेंड्याकडे. खाली शेरा लिहिला: प्रत्यक्ष पाहिला. जोडी स्थिर आहे. आधीच्या चार दिवसांच्या नोंदी माझ्या श्रवणदोषामुळे चुकीच्या धरल्या जाव्यात. पुन्हा मोजणीची गरज नाही. तिने सही केली, तक्ता काढून त्याची दुहेरी घडी घातली आणि तो झोळीत सर्वांत तळाशी ठेवला.

फांद्या वाकल्या. रूपही उतरत होती. एक फांदी, दुसरी, मग अगदी खालची, जिच्यावर गेल्या एकोणीस वर्षांत हिरण्मयीने कधी कोणा होलौला पाहिले नव्हते. हात लांबवला तर पोचेल इतकी जवळ. तिच्या अंगाला ओल्या पानांचा आणि पिकल्या उंबराचा वास येत होता.

ती फांदीवर वळली आणि हिरण्मयीकडे पाठ करून बसली. मान पुढे झुकवली. जोडीतली मादी नराकडे अशी पाठ करते ती केस साफ करून घेण्यासाठी. हे वर्णन हिरण्मयीच्या वह्यांत शेकडो ठिकाणी होते.

तिने पेन्सिल खाली ठेवली, गुडघ्यांवर उभी राहिली, आणि दोन्ही हातांनी ते भुरे केस अलगद बाजूला करू लागली.